शाहू स्टेडियमवरच्या जुन्या मॅचेस एडिटिंगच्या टेबलावर: एक प्रकरण

कोल्हापुरात पेठेतल्या एका तालीम मंडळाच्या फुटबॉल संघाला ५० वर्षं पूर्ण होत होती. चौकात एलईडी वॉल लावायची आणि तिच्यावर जुन्या मॅचेसची वीस मिनिटांची फिल्म दाखवायची, असं मंडळाच्या बैठकीत ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. कार्यकर्ते आले ते दोन खोकी आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन. पेन ड्राइव्ह माझ्या हातात देत त्यातला एकजण म्हणाला, "दादा, सगळं ह्यात हाय. आमच्या पोरानं कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्यात. तुम्ही फक्त कापाकापी करायची."

खोकी ते परत न्यायला निघाले होते. मी ठेवून घेतली.

कापाकापी हा या कामातला सोपा भाग होता. गोल कुठला ठेवायचा, कुठे शिट्टीचा आवाज मोठा करायचा, हे दोन-चार बैठकांत जमतं. फिल्म बरी होणार की वाईट, हे त्याआधीच ठरलेलं असतं: कॅसेट, डिस्क, कार्ड आणि अल्बम यांतला माल कॉम्प्युटरमध्ये कुठल्या वाटेने आला, यावर.

पेन ड्राइव्हमध्ये काय होतं

प्रत्येक कॅसेटची एक एमपी४ फाइल होती, ६४० बाय ४८० मापाची. खेळ संथ असेल तेव्हा बघवत होती. पण कुणी लांबून शॉट मारला की बॉल दोन दिसायचे, एक ठळक आणि एक भुतासारखा मागे. कार्यकर्त्यांच्या ते लक्षात आलं होतं, पण त्यांनी ते कॅसेट जुनी झाल्याच्या खात्यावर टाकलं होतं. "जुनं हाय, तसंच दिसणार की," असं त्यांचं म्हणणं.

कॅसेटचा यात काही दोष नव्हता. या सगळ्या मिनी डीव्ही, म्हणजे हँडीकॅममधल्या छोट्या डिजिटल कॅसेट. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत असा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम लिहितो, पण प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. एका अर्ध्यात सम ओळी, दुसऱ्यात विषम, आणि दोन्ही टिपलेल्या क्षणांत सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याचं अंतर. म्हणजे कॅमेऱ्याने सेकंदाला ५० वेळा मैदान बघितलेलं असतं. आता जोरात मारलेला बॉल सेकंदाला २० मीटर वेगाने गेला, तर त्या पन्नासाव्या हिश्श्यात तो ४० सेंटीमीटर पुढे सरकतो. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटीमीटर. म्हणजे एकाच फ्रेममध्ये सम ओळींतला बॉल आणि विषम ओळींतला बॉल एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. लग्नाच्या शूटिंगमध्ये हे डोळ्यांत भरत नाही, कारण नवरा-नवरी कधी एवढ्या वेगाने हलत नाहीत. फुटबॉलमध्ये मात्र सगळी गंमत त्या बॉलचीच.

या ओळी जशाच्या तशा राहिल्या असत्या तर त्या वेगळ्या करता आल्या असत्या. मंडळातल्या पोराने मात्र कॅमेऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी एका स्वस्तातल्या यूएसबी कॅप्चर डबीला जोडल्या होत्या. कॅसेटवर आकड्यांत लिहिलेलं चित्र आधी ॲनालॉग झालं, डबीने पुन्हा डिजिटल केलं, तिच्या सॉफ्टवेअरने ५७६ ओळींचं चित्र ४८० ओळींत दाबलं आणि वर कॉम्प्रेस केलं. उंची बदलताना शेजारच्या ओळी एकमेकींत मिसळल्या. सम आणि विषम क्षण एकदा असे कालवले गेले की कुठलंही सॉफ्टवेअर ते परत वेगळे करू शकत नाही. त्या फाइली मी फक्त कुठल्या कॅसेटमध्ये काय आहे हे बघायला ठेवल्या. त्यासाठी त्या फार उपयोगी पडल्या, हेही सांगायला हवं. त्या पोराची मेहनत अगदीच वाया गेली नाही.

कॅसेटी

एकूण १४ कॅसेट निघाल्या. नऊ साध्या एसपी मोडमधल्या, म्हणजे ६० मिनिटांच्या. तीन एलपी मोडमधल्या, त्याच टेपवर ९० मिनिटं बसवलेल्या. उरलेल्या दोन एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याने सोनीच्या पीडी १७० कॅमेऱ्यावर डीव्हीकॅम मोडमध्ये घेतलेल्या. त्या मोडमध्ये ६० मिनिटांच्या टेपवर ४० मिनिटंच मावतात. सगळं मिळून पंधरा तासांच्या आत-बाहेर.

मिनी डीव्ही डिजिटल आहे, त्यामुळे ती आत घेणं म्हणजे रेकॉर्डिंग करणं नव्हे, नुसती कॉपी करणं. अट एकच, वायर फायरवायरची हवी. सोनी तिला आय-लिंक म्हणते, कॅमेऱ्यावर तिचं चार पिनांचं बारकं भोक असतं. शेजारी यूएसबीचं भोकही असतं आणि लोक हमखास तिथेच वायर घालतात. त्या काळच्या बऱ्याच हँडीकॅममध्ये यूएसबीवरून मेमरी स्टिकमधले फोटो यायचे, फार तर वेबकॅमसारखं हलक्या दर्जाचं चित्र. टेपवरचं मूळ चित्र यायचं नाही. मंडळाच्या पोराने ऑनलाइन एक वायरही मागवली होती, एका टोकाला फायरवायर, दुसऱ्याला यूएसबी. ती कशालाच चालत नाही. दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी आहे. नुसतं टोक बदलून कॉम्प्युटरला कॅमेरा दिसत नाही.

आजच्या लॅपटॉपला फायरवायर नसतं. ॲपलने तर २०२५ च्या मॅकओएसमधून त्याचा आधारच काढून टाकला. डेस्कटॉप असेल तर त्यात फायरवायरचं कार्ड बसवता येतं, पण नव्या विंडोजवर ड्रायव्हरशी झटापट करावी लागते. जुना, 'लेगसी' नावाचा ड्रायव्हर घातला की बहुतेक वेळा गाडी चालू होते. मी त्या भानगडीत पडलो नाही. राजारामपुरीत लग्नाची शूटिंग करणाऱ्या एका मित्राकडे विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे, कार्डासकट. त्याच्या आईने त्यावर झाकण म्हणून शिवलेलं कापड घातलंय. गावात असे डेस्कटॉप अजून आहेत, फक्त विचारावं लागतं. २००५ च्या आसपास कोल्हापुरात लग्नाचा व्हिडिओ करणाऱ्या प्रत्येकाकडे पॅनासॉनिकचा एमडी ९००० किंवा एमडी १०००० नाहीतर सोनीचा पीडी कॅमेरा असायचा, आणि त्या सगळ्यांचं काम फायरवायरवरच चालायचं.

पीडीच्या दोन कॅसेट त्या मित्राच्याच कॅमेऱ्यात वाजवल्या. हँडीकॅमच्या नऊ एसपी कॅसेटही तिथेच उरकल्या. एलपीच्या तीन मात्र अडल्या. एलपीमध्ये टेपवरच्या पट्ट्या अरुंद असतात, एसपीमध्ये १० मायक्रॉन तर इथे ६.७ च्या आसपास. ज्या कॅमेऱ्याने त्या लिहिल्या त्याच्या हेडच्या, म्हणजे टेप लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागाच्या सवयीप्रमाणे त्या पडलेल्या असतात, दुसऱ्या कॅमेऱ्यात चित्रावर चौकोनी ठिकऱ्या उडतात. या तिघींचंही तेच झालं. म्हणजे मूळ हँडीकॅम शोधणं आलं.

तो होता संघाच्या एका माजी गोलकीपरकडे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. कपाटाच्या तळाशी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, नॅपकिनमध्ये गुंडाळलेला. "बॅटरी मेल्याय त्याची, पण वायरीवर चालतोय. माझ्या नातवाचं बारसं काढलंय त्यात, ते बी तुमच्या मशीनवर घ्या," मामा म्हणाले. कॅमेऱ्याचा बाहेर येणारा पडदा काळा पडला होता, पण टेप फिरवणारा भाग शाबूत होता, आणि आम्हाला तेवढाच हवा होता. चित्र बघायला कॉम्प्युटर होताच.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्याने काम करायला नकार दिला. व्ह्यूफाइंडरमध्ये 'सी:२१' असा कोड. जुलै महिना, बाहेर कोल्हापूरचा पाऊस, आणि कॅमेरा गार कपाटातून थेट माणसांनी भरलेल्या दमट खोलीत आलेला. सोनीच्या कॅमेऱ्यात या कोडचा अर्थ आत ओल धरलीय. अशा वेळी जबरदस्तीने कॅसेट घातली तर टेप हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमला चिकटून गुंडाळते आणि मॅच कायमची जाते. झाकण उघडं ठेवून तासभर पंख्याखाली ठेवला, मग मुकाट चालला.

त्याआधी कॅसेटींची एक तपासणी केलेली होती. छोट्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी पूड दिसते का ते बघायचं. ती बुरशी असते, आणि अशी एक कॅसेट वाजवली की बुरशी हेडवर बसून पुढच्या सगळ्यांना बाधते. सुदैवाने एकीलाही नव्हती. दोन कॅसेट मामांच्या पुतण्याच्या घरी होत्या, ज्या घरात २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराचं पाणी शिरलं होतं. त्या माळ्यावर असल्यामुळे वाचल्या. तपासणीनंतर प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप मोकळी होते. आणि प्रत्येकीच्या पाठीवरची बारकी खिटी 'सेव्ह'कडे सरकवली. ती उघडी राहिली आणि कुणाचं बोट चुकून रेकॉर्डवर पडलं, तर सेमीफायनलच्या जागी टेबलफॅन दिसेल.

कॉपी करायला विनडीव्ही नावाचा एक छोटा, फुकट प्रोग्रॅम वापरला. तो फार काही करत नाही, हाच त्याचा गुण. टेपवरचा प्रवाह जसाच्या तसा एव्हीआय फाइलमध्ये उतरवतो आणि वाटेत किती फ्रेम सुटल्या ते दाखवतो. शून्य हवं. या डीव्ही एव्हीआयचे दोन प्रकार असतात. टाइप १ मध्ये चित्र आणि आवाज एकाच प्रवाहात गुंफलेले असतात, आणि काही एडिटिंग सॉफ्टवेअरला तो आवाज सापडत नाही. टाइप २ मध्ये आवाज वेगळाही ठेवलेला असतो. टाइप २ निवडला की पुढची डोकेदुखी वाचते.

डीव्हीचा वेग सेकंदाला साधारण ३.६ एमबी, म्हणजे तासाला १३ जीबी. चौदा कॅसेटींचे मिळून १९० जीबीच्या आसपास झाले. मंडळाने दिलेली पोर्टेबल हार्ड डिस्क एफएटी ३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि एफएटी ३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. म्हणजे प्रत्येक कॅसेट अठराव्या-एकोणिसाव्या मिनिटाला तुटली असती, आणि फुटबॉलमध्ये नेमकं त्याच मिनिटाला काय होईल ते कुणी सांगावं. डिस्क रिकामी करून एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केली, मग काम सुरू केलं.

टेपवर प्रत्येक फ्रेमसोबत तारीख-वेळही लिहिलेली असते. पडद्यावर दिसत नाही, पण फायरवायरने घेतली तर फाइलमध्ये येते. विनडीव्ही फाइलींना नावं त्यावरूनच देतो आणि जिथे तारखेत उडी आहे तिथे नवी फाइल सुरू करतो. वायरीच्या वाटेने आलेल्या एमपी४ मध्ये ही माहिती उरली नव्हती. हिचा उपयोग अनपेक्षित ठिकाणी झाला. एका कॅसेटवर मार्करने 'फायनल २००६' लिहिलं होतं आणि त्या फायनलमधला विजयी गोल कुणाचा, यावर मंडळात दोन तट होते. ज्याचा म्हणून सांगत होते तो २००६ मध्ये संघातच नव्हता. टेपवरची तारीख निघाली एप्रिल २००५ ची. नंतर वर्तमानपत्राच्या कात्रणावरही तीच सापडली आणि वाद मिटला. पण तारखेवर आंधळा विश्वास नको. दुसऱ्या एका कॅसेटवर भर उन्हातली मॅच, पब्लिकने डोक्यावर रुमाल बांधलेले, आणि तारीख १ जानेवारी, मध्यरात्रीची. घड्याळाचा सेल गेलेला कॅमेरा.

डिस्का आणि कार्डं

कॅसेटी आणि कार्डं यांच्या मधल्या दोन-तीन वर्षांत मंडळातल्या कुणीतरी ८ सेंटीमीटरच्या छोट्या डीव्हीडीवर लिहिणारा कॅमेरा घेतला होता. अशा डिस्कवर १.४ जीबी मावतात, म्हणजे अर्धा तास. पाच डिस्का होत्या. गाडीच्या प्लेयरसारख्या नुसत्या फटीत डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये या घालायच्या नाहीत, आत अडकतात. ट्रेच्या ड्राइव्हमध्ये मधल्या छोट्या खोबणीत बसतात. चार डिस्का सरळ वाचल्या गेल्या. पाचवी कॉम्प्युटरला कोरी वाटली, पण उजेडात तिरकी धरली तर लिहिलेला पट्टा स्पष्ट दिसतो. ती 'फायनलाइझ', म्हणजे लिहून झाल्यावर इतर यंत्रांना वाचता येईल अशी बंद केलेली नव्हती. ते काम ती लिहिणाऱ्या कॅमेऱ्याने करायचं असतं, आणि तो कॅमेरा भंगारात गेला होता.

बाकीच्या चारमधल्या व्हीओबी, म्हणजे डीव्हीडीवरच्या व्हिडिओच्या फाइली थेट एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकायच्या नाहीत, कारण त्या १ जीबीला तोडलेल्या असतात आणि तोड शॉटच्या मध्येच येते. पूर्ण डिस्क एक सलग एमपीजी म्हणून काढली, पुन्हा कॉम्प्रेस न करता. माझ्या सॉफ्टवेअरला त्यातला एसी-३ जातीचा आवाज कळेना. चित्र दिसायचं आणि आवाजाची पट्टी रिकामी. एफएफएमपेग या प्रोग्रॅमने चित्राला हात न लावता फक्त आवाज साध्या डब्ल्यूएव्ही जातीचा करून घेतला.

त्यानंतरचा काळ कार्डाचा. एव्हीसीएचडी, एचडी व्हिडिओ लिहिण्याची सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेली पद्धत. इथे घोळ घालतात ती माणसं, कॅमेरा नव्हे. कार्डावर 'प्रायव्हेट'च्या आत 'एव्हीसीएचडी', त्याच्या आत 'बीडीएमव्ही', त्यात 'स्ट्रीम', आणि तिथे एमटीएस, म्हणजे खऱ्या व्हिडिओच्या फाइली. लोक शोधत-शोधत एमटीएसपर्यंत पोचतात, तेवढ्याच उचलतात आणि बाकीचं टाकून देतात. बाकीच्या त्या बारक्या फाइलींत लिहिलेलं असतं की कुठला तुकडा कुठल्याचा पुढचा भाग आहे. मोठा शॉट कॅमेरा मापाला आल्यावर तोडतो आणि पुढची फाइल सुरू करतो. अख्खं फोल्डर असेल तर चांगलं सॉफ्टवेअर ते जोडून एकच शॉट दाखवतं. सुट्या फाइली शेजारी-शेजारी ठेवल्या तर सांध्यावर आवाज टचकन तुटतो.

मंडळाकडे दोन्ही प्रकार होते. एका हार्ड डिस्कवर अख्खी फोल्डरं होती, त्यांचा काही त्रास झाला नाही. दुसरीकडे नुसत्या एमटीएस एकाच फोल्डरमध्ये कोंबलेल्या. कार्ड फॉरमॅट केलं की कॅमेरा परत पहिल्या नंबरापासून सुरू होऊ शकतो, त्यामुळे वेगवेगळ्या हंगामांच्या फाइलींची नावं सारखीच. कॉपी करताना विंडोजने 'रिप्लेस करू का' विचारलं असणार आणि कुणीतरी 'हो' म्हटलं असणार. एक अख्खा हंगाम असा गेला. जे उरलं त्यातले तुटलेले शॉट एकामागे एक सरळ बायनरी पद्धतीने चिकटवले. मूळ प्रवाहच सलग असल्यामुळे ते गुळगुळीत जोडले गेले.

आणखी एक बारकावा इथे येतो, जो फुटबॉलमध्ये चुकला तर लगेच उघडा पडतो. त्या दोन अर्ध्या चित्रांपैकी आधी कुठलं? डीव्हीमध्ये खालच्या ओळींचं आधी, एव्हीसीएचडीमध्ये वरच्या ओळींचं. सॉफ्टवेअरने दोन्हींना एकच नियम लावला तर बॉल तीन पावलं पुढे, एक पाऊल मागे असा थरथरत जातो. मी प्रत्येक प्रकारातला एक जोरकस शॉट निवडला, सेकंदाला ५० फ्रेम करून एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितला. बॉल प्रत्येक फ्रेमला पुढेच जायला हवा. डिस्कांसाठीही हेच केलं, नियम पाठ असण्यापेक्षा बॉल बघणं खात्रीचं.

फोटो

फोटोंना सगळे सोपं समजतात.

जुन्या अल्बममधले फोटो चिकट पानांवर पारदर्शक कागदाखाली होते, आणि पुरात भिजलेल्या एका अल्बममध्ये तो कागद फोटोला घट्ट चिकटला होता. ओढला असता तर खेळाडूंचे चेहरे कागदाबरोबर निघून आले असते. पानासकट स्कॅनरवर ठेवून तसेच घेतले, किंचित धूसर आले, पण आले. चार बाय सहा इंची फोटो ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी स्कॅन केला तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. फोटो नुसता दाखवायचा असेल तर पुरे. पण बावीस जणांच्या टीम फोटोवरून सुरू करून एका चेहऱ्यापर्यंत जायचं असेल तर तो फुटतो. म्हणून टीम फोटो ६०० ला. कात्रणंही ६०० ला, वेगळ्या कारणाने: छापील फोटो ठिपक्यांचा असतो, कमी डीपीआयला त्याच्यावर जाळीदार लाटा उमटतात आणि फोटो हलवला की त्या लाटा रांगोळीसारख्या फिरतात. मोठा स्कॅन घ्यायचा, हलका ब्लर द्यायचा, मग लहान करायचा.

सगळ्यात चांगले फोटो अनपेक्षित ठिकाणी मिळाले, फ्लेक्सवाल्याकडे. कोल्हापुरात कुठल्याही मंडळाचा इतिहास डिजिटल बोर्ड करणाऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये शाबूत असतो, कारण दर विजयानंतर चौकात बोर्ड लागतो आणि त्यासाठी मूळ फोटो त्यालाच दिलेले असतात. फक्त ते छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे चार शायांच्या रंगपद्धतीत केलेले होते. एडिटिंगमध्ये टाकल्यावर काहींचे रंग उलटेपालटे, काही आलेच नाहीत. फोटोशॉपमध्ये आरजीबी, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत करून नव्याने जतन केल्यावर मिटलं. त्यानेच कापून काढलेले, पार्श्वभूमी नसलेले खेळाडूही दिले. ते मी वापरले नाहीत, त्यांच्या केसांच्या कडा बघवत नव्हत्या.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोंना मी आधी परतच पाठवलं. तिथून फोटो दाबून लहान होऊन येतो आणि काढल्याची तारीख पुसली जाते. 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असा मेसेज ग्रुपवर टाकला. अर्ध्यांनी पाठवले, अर्ध्यांनी अंगठा दाखवला. व्हॉट्सॲपवरच उरलेल्या मोबाइल क्लिपांचं दुखणं आणखी वेगळं. मोबाइल फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही, उजेड कमी-जास्त होईल तसा बदलतो. एडिटिंगमध्ये आवाज चित्रापासून सरकत जातो, दोन मिनिटांनंतर जल्लोष आधी आणि गोल नंतर. हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅममधून एकदा स्थिर वेगाच्या करून घेतल्यावर त्या जागेवर बसल्या.

चौकट आणि पडदा

सगळं आत आल्यावर एलईडीवाल्याला फोन केला. खरं तर हा फोन लोक सगळ्यात शेवटी, कार्यक्रमाच्या दिवशी करतात. त्याच्याकडे ठिपक्यांत ३.९१ मिलिमीटर अंतर असलेल्या पॅनेलचे अर्ध्या मीटरचे चौकोन, प्रत्येकात १२८ बाय १२८ ठिपके. चौकात सात आडवे, पाच उभे लागणार. म्हणजे अख्खी वॉल ८९६ बाय ६४० ठिपक्यांची.

या आकड्याने दोन गोष्टी निकालात काढल्या. मंडळातल्या काही तरुणांचा आग्रह होता की जुन्या कॅसेटी एआयने फोरकेमध्ये करून घ्याव्यात. एकाने मोबाइलवरच्या ॲपमध्ये एक क्लिप करूनही आणली होती. गवत सुरेख झालं होतं, पण खेळाडूंना नवेच चेहरे फुटले होते. मामा बराच वेळ बघून म्हणाले, "ह्यो आपला सेंटर फॉरवर्ड न्हवं." पाठीवरचा नंबरही बदलला होता. ज्या वॉलवर उभे ६४० ठिपके आहेत, तिथे ५७६ ओळींच्या डीव्हीला फारसं काही कमी पडत नाही. त्या चित्राला गरज होती ती फक्त ओळी नीट सोडवून घेण्याची. ते क्यूटीजीएमसी या फिल्टरने केलं. तो हळू चालतो, रात्री लावून ठेवावा लागतो, पण २५ फ्रेमांतून खऱ्या ५० फ्रेम काढतो आणि बॉल एकच राहतो.

दुसरी गोष्ट आकाराची. सात बाय पाच म्हणजे जवळजवळ जुन्या टीव्हीचाच आकार, चारास तीन. म्हणजे ज्या फूटेजला आपण आज जुनाट म्हणून बाजूला काळ्या पट्ट्या लावतो, तेच या वॉलवर काठोकाठ बसणार होतं. मग फिल्मची चौकट चारास तीनच ठेवली, ५० फ्रेमची, आणि रुंद एचडी शॉटांच्या कडा गरजेप्रमाणे छाटल्या. डीव्हीचं चित्र ७२० बाय ५७६ असलं तरी त्याचे पिक्सेल चौकोनी नसतात. सॉफ्टवेअरला ते सांगितलं नाही तर खेळाडू सुकल्यासारखे उभट दिसतात. आणि कुणी ते सोळास नऊमध्ये ताणलं तर सगळे पैलवान. इथेही कसोटी बॉलचीच. पेनल्टी स्पॉटवर ठेवलेल्या बॉलचा जवळचा एक शॉट होता, तो पडद्यावर पट्टीने मोजला. आडवा-उभा सारखा भरला, मग पुढे गेलो.

हँडीकॅमचा आवाज १२ बिट, ३२ किलोहर्ट्झचा निघाला. त्या कॅमेऱ्यांची मूळ सेटिंग बऱ्याचदा तीच असायची. पीडीचा ४८ किलोहर्ट्झचा. सगळं ४८ ला आणलं. हलगीचा आवाज जिथे फाटला होता तिथे काही करता आलं नाही. मी तो तसाच ठेवला. स्टेडियमवर तो तसाच ऐकू येतो.

वॉलवर फिल्म व्यवस्थित चालली. खटकले ते मोबाइलचे शॉट: सेकंदाला ३० फ्रेमचे, ५० च्या चौकटीत किंचित अडखळत होते. मूळ फाइली मिळाल्या असत्या तरी हे राहिलंच असतं. तो शेवटचा एक मिनिट होता आणि तोवर लोक नाचायला लागले होते.

मंडळाला फिल्मसोबत सगळ्या कॅसेटींच्या एव्हीआय फाइली, डिस्कांच्या एमपीजी, कार्डांची फोल्डरं आणि स्कॅन दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दिले. एक तालमीत राहील, एक मामांच्या घरी. दोन्ही एकाच कपाटात ठेवायच्या नाहीत, हे त्यांना पुराचं नाव काढून सांगितलं, मग पटलं. कॅसेटी मागे गुंडाळून, उभ्या, त्यांच्या डब्यांत घालून परत केल्या. मामांच्या नातवाचं बारसं एलपी कॅसेटच्या शेवटच्या वीस मिनिटांत सापडलं, ते त्यांना वेगळं काढून दिलं.

पाचवी डिस्क अजून माझ्याकडेच आहे. तिच्यावर २००८ ची एक मॅच आहे, फिल्ममध्ये त्या वर्षासाठी दोन फोटो आणि एक कात्रण वापरून भागवलं. त्याच कंपनीचा ८ सेंटीमीटर डिस्कवर लिहिणारा चालू कॅमेरा मिळाला तर फायनलाइझ होण्याची शक्यता बरीच आहे. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांच्या ग्रुपवर मॉडेलसकट चौकशी टाकली आहे, आणि इचलकरंजीहून एकाने कपाट बघून कळवतो म्हणून सांगितलंय.